आकड्यांचे दप्तर : वाचणे आणि लिहिणे



या व्यासपीठावर साहित्य, संगीत आणि इतिहास यांवर अधिकाराने बोलणारी मंडळी येतात. त्यांच्या पंक्तीला आम्हाला बसवण्यात चालकांनी थोडे धाडसच केले आहे. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, मस्टर आणि पगारपत्रके चाळता चाळता झाले. म्हणून आज विषयही दप्तरातलाच घेतला आहे. गणिती कामासाठी केलेल्या संगणकाच्या भाषेत फाइल वाचायची कशी, लिहायची कशी, आणि त्यात माणसाचे हित-अहित कुठे दडलेले असते, एवढेच सांगायचे आहे. बोलताना ‘आम्ही’ म्हणू, त्यात वक्त्याचा मोठेपणा नाही. हे काम कचेरीत चौघे-पाचजण मिळून करतो, म्हणून तसे म्हणायचे.

विषय ऐकून काही जणांना वाटेल की हे इंजिनिअरांचे शास्त्र, आपला काय संबंध? तेव्हा आधी संबंध सांगतो. कामगार चळवळीच्या इतिहासात ‘वह्या उघडा’ ही मागणी फार जुनी आहे. मजुरी किती हा प्रश्न पहिला, पण ती मोजली कशी हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतोच. १९६३ साली मुंबईतल्या कामगारांनी महागाईच्या निर्देशांकाविरुद्ध मोठे आंदोलन केले. त्यांचे म्हणणे सरळ होते : बाजारात भाव चढतात, पण तुमच्या कागदावरचा आकडा चढत नाही. तेव्हा महाराष्ट्र सरकारला प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली. त्या लढ्यात कामगाराच्या हाती दगड नव्हता, आकड्याविषयीची शंका होती. शंका मुद्देसूद असेल तर सरकारलाही हिशेब पुन्हा मांडावा लागतो, हा त्यातला धडा.

आता तोच निर्देशांक घ्या. औद्योगिक कामगारांचा अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांक केंद्र सरकारचे लेबर ब्यूरो काढते. त्याचे आधारवर्ष १९६०, मग १९८२, मग २००१, आणि सप्टेंबर २०२० पासून २०१६ असे बदलत आले. एका मालिकेतून दुसरीत जायचे तर जोड-गुणक लागतो. १९८२ च्या मालिकेवरून १९६० वर जायला ४.९३, २००१ वरून १९८२ वर जायला ४.६३, आणि २०१६ वरून २००१ वर जायला २.८८. म्हणजे नव्या मालिकेतला १४० हा आकडा जुन्या मापाने ४०३.२ होतो. एखाद्या करारात महागाई भत्ता जुन्या मालिकेवर ठरला असेल आणि कोणी नव्या मालिकेचे आकडे त्याच रकान्यात भरले, तर भत्ता कोसळलेला दिसेल. आकडा खोटा नसतो; त्याच्या डोक्यावरचा मथळा हरवलेला असतो. फाइल वाचण्याची पहिली शिस्त इथेच सुरू होते : आकड्याच्या आधी मथळा वाचावा.

आता भाषेकडे येऊ. अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांना फोरट्रान भाषेत कार्यक्रम लिहिण्याची यातायात न करता मोठ्या गणिती कोष्टकांवर काम करता यावे, म्हणून १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘मॅटलॅब’ तयार केली. १९८४ मध्ये तिच्याभोवती कंपनी उभी राहिली आणि ती विकत मिळू लागली. तिच्याच वळणाची, पण कोणालाही फुकट वापरता येईल आणि आतून उघडून पाहता येईल अशी दुसरी भाषा म्हणजे ‘ऑक्टेव्ह’. जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये ती रचायला घेतली. नावावरून संगीतातले सप्तक आठवते, पण ते नाव ईटन यांचे गुरु, रसायन-अभियांत्रिकीचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील यांच्यावरून ठेवलेले आहे. युनियनच्या कचेरीला परवडते ती अर्थातच ऑक्टेव्ह. आमच्याकडचा जुना संगणकही ती निमूटपणे चालवतो.

या भाषांमध्ये मूळ वस्तू म्हणजे मॅट्रिक्स. शब्दाला घाबरू नये. आडव्या ओळी आणि उभे रकाने असलेला आकड्यांचा चौकोन म्हणजे मॅट्रिक्स. आडवी ओळ एका कामगाराची; रकाने हजेरीचे, मूळ पगाराचे, भत्त्याचे, कपातीचे. म्हणजे पगारपत्रक ज्याने पाहिले त्याने मॅट्रिक्स पाहिले.

हा चौकोन संगणकाच्या तात्पुरत्या स्मरणात असतो. वीज गेली की गेला. टिकाऊ व्हायचा तर फाइलीत उतरावा लागतो, आणि पुन्हा कामाला लावायचा तर फाइलीतून वर घ्यावा लागतो. कीर्दीवरून खतावणी करणाऱ्या दिवाणजींना हे नव्याने सांगायला नको. चुका कीर्दीत थोड्या, खतावणीत उतरवताना जास्त.

फाइल उघडण्याच्या आज्ञेचे नाव ‘एफ-ओपन’. फाइलीचे नाव आणि उघडण्याचा हेतू अशा दोन गोष्टी तिला सांगायच्या. ती एक क्रमांक देते. रेकॉर्ड-रूममध्ये बिल्ला मिळावा तसा हा क्रमांक. पुढचे सारे व्यवहार त्यावर. शून्य, एक आणि दोन हे बिल्ले यंत्राने स्वतःसाठी राखलेले असतात, म्हणून आपला पहिला बिल्ला बहुधा तीन क्रमांकाचा निघतो. फाइल सापडली नाही किंवा उघडण्याची परवानगी नसली, तर हाती उणे एक येतो. हा उणे एक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हेतू मुख्यतः तीन. ‘आर’ म्हणजे फक्त वाचणे. ‘ए’ म्हणजे आहे त्याच्या शेवटी भर घालणे. आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिणे. पण हे लिहिणे कसे, तर जुना सगळा मजकूर पुसून कोऱ्या पानावर. यंत्र ‘पुसू का?’ असे विचारत नाही. म्हणून आमच्या कचेरीचा नियम आहे की मालकाकडून किंवा सरकारकडून आलेली मूळ फाइल कधीही ‘आर’शिवाय उघडायची नाही. आपले निष्कर्ष वेगळ्या नावाच्या फाइलीत. मूळ मस्टरवर जो पेन्सिल चालवतो त्याची बाजू लवादापुढे टिकत नाही, मग तो कितीही खरा असो.

काम झाले की ‘एफ-क्लोज’ने फाइल बंद करायची. हा केवळ टापटिपीचा प्रश्न नव्हे. आपण लिहिलेले आकडे यंत्र लगेच तबकडीवर उतरवत नाही. थोडे साठले की एकदम उतरवते. बंद न करता मध्येच वीज गेली तर शेवटच्या काही ओळी वाटेतच राहतात. पाचशे नावांच्या यादीत शेवटची बारा नावे नसली तर ती बारा माणसे कोणाच्या लक्षात येणार?

फाइली दोन जातीच्या असतात. पहिली अक्षरी. तीत आकडा अंक-अंक करून लिहिलेला असतो. साध्या पडद्यावर उघडली तरी माणसाच्या डोळ्यांना वाचता येते. दुसरी यंत्राच्या सोयीची, तिला बायनरी म्हणतात. तीत प्रत्येक आकडा ठराविक जागेत, बहुधा आठ बाइटांत, कोंबलेला असतो. हजार आकड्यांना बरोबर आठ हजार बाइट. ही फाइल आटोपशीर आणि झटपट, पण मुकी. वाचणाऱ्याला आधीच ठाऊक हवे की आकडे कोणत्या मापाचे आहेत. ‘एफ-रीड’ला काही सांगितले नाही तर ती एकेक बाइट म्हणजे एकेक आकडा समजते, आणि एका पगाराचे आठ निरर्थक तुकडे आपल्यासमोर ठेवते. शिवाय त्या आठ बाइटांत थोरला आधी की धाकटा आधी, याविषयी यंत्रायंत्रांत मतभेद आहेत. गलिव्हरच्या प्रवासात अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून भांडणारे लोक आहेत. डॅनी कोहेन या शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये या वादाला त्याच भांडणावरून नाव दिले, आणि ते रूढ झाले. आमचे मत असे, की ज्या आकड्यावर माणसाचा हक्क ठरतो तो अक्षरी फाइलीत मागावा. जे डोळ्याला वाचता येते त्याविषयी प्रश्न विचारता येतो.

पण अक्षरी फाइल वाचणेही वाटते तितके निर्धोक नाही. ‘एफ-स्कॅन-एफ’ ही आज्ञा पाहा. फाइलीत प्रत्येक ओळीवर तीन आकडे आहेत : तिकीट नंबर, हजेरीचे दिवस, रक्कम. आपण वाचतो डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ. ही भाषा मात्र आपला चौकोन उभ्या रकान्यांनी भरते. म्हणून तिला ‘तीन ओळी आणि हवे तितके रकाने’ असे सांगायचे. मग प्रत्येक कामगार एका उभ्या रकान्यात उतरतो, आणि शेवटी सगळा चौकोन आडवा फिरवून घ्यायचा. कोणी सरळपणे ‘इतक्या ओळी आणि तीन रकाने’ असे सांगितले तर यंत्र तक्रार करत नाही. पहिला रकाना भरेपर्यंत ते तिकीट नंबर, दिवस, रक्कम, पुन्हा तिकीट नंबर असे एकाखाली एक रचत जाते. एखाद्याचा तिकीट नंबर दुसऱ्याचा पगार होऊन बसतो. आकडे सगळे खरे, जागा सगळ्या खोट्या. म्हणून वाचून झाल्यावर पहिली ओळ, शेवटची ओळ आणि एकूण बेरीज ही तिन्ही मूळ कागदाशी ताडून पाहावीत. जुने हेडक्लार्क हेच करत, आणि ते बरोबर करत.

आपल्याकडची आणखी एक अडचण स्वल्पविरामाची आहे. आपण एक लाख तेवीस हजार चारशे छप्पन्न हे १,२३,४५६ असे लिहितो. स्वल्पविरामाने रकाने तोडणाऱ्या फाइलीत हा आकडा अवतरणचिन्हांशिवाय गेला, तर त्याचे तीन आकडे होतात : एक, तेवीस आणि चारशे छप्पन्न. पुढचे सारे रकाने दोन घरे सरकतात. तसेच तिकीट नंबर ००४२ यंत्राने संख्या म्हणून वाचला की ४२ उरतो. बँकेच्या खात्याचा नंबर लांब असला तर धोका अधिक. आठ बाइटांच्या आकड्यात ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच्या पूर्णसंख्या तंतोतंत बसतात. त्यापलीकडे शेवटचा अंक बदलू शकतो. सतरा-अठरा अंकी खाते नंबर असा वाचला तर पैसे कोणाच्या खात्यात जातील? ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा म्हणजे संख्या नव्हे, नाव आहे; त्याला अक्षर म्हणूनच वाचावे.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो : रिकामी जागा आणि शून्य. एका कारखान्यात भरपाई गेल्या सहा महिन्यांच्या सरासरी पगारावर द्यायची असे ठरले. एका कामगाराला दरमहा अठरा हजार मिळत. त्यातला एक महिना तो अपघाताने दवाखान्यात होता. त्या महिन्याचा पैसा कामगार विमा योजनेतून आला, म्हणून कारखान्याच्या फाइलीत तो रकाना रिकामा होता. व्यवस्थापनाच्या पत्रकात त्याची सरासरी पंधरा हजार निघाली. आम्ही विचारले तेव्हा हिशेब-खात्यातले गृहस्थ म्हणाले, “अहो, आकडा आम्ही काढलेलाच नाही, यंत्राने काढला आहे.” आणि तो कामगार आम्हाला म्हणाला, “भाऊ, मी त्या महिन्यात खाटेवर होतो. नोकरी सोडून गेलो नव्हतो.”

त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता असेच आम्ही मानतो. घडले होते ते असे. ऑक्टेव्हमध्ये ‘डीएलएम-रीड’ नावाची आज्ञा आहे. मॅटलॅबमध्येही तिची बहीण आहे. रिकाम्या जागी काय भरायचे हे वेगळे सांगितले नाही, तर ती शून्य भरते. पाच महिन्यांचे नव्वद हजार, भागिले सहा, म्हणजे पंधरा हजार. खरा हिशेब नव्वद हजार भागिले पाच, म्हणजे अठरा हजार. यंत्राने भागाकार अचूक केला. ‘माहीत नाही’ याचे भाषांतर त्याने ‘काही नाही’ असे केले. दरमहा तीन हजारांचा हा फरक एका न लिहिलेल्या आकड्यातून निघाला. आम्ही तीच फाइल आमच्या संगणकावर दोन्ही रीतींनी वाचून दाखवली आणि दोन उत्तरे टेबलावर ठेवली. वाद अर्ध्या तासात मिटला. अशा रिकाम्या रकान्यांची आणखीही माणसे त्या यादीत सापडली.

यावर उपाय भाषेतच आहे. संख्यांच्या यंत्रलेखनाचे जे मानक १९८५ मध्ये ठरले, त्यात ‘नॅन’ नावाचे एक चिन्ह आहे. ‘ही संख्या नव्हे’ असा त्याचा अर्थ. रिकाम्या जागी नॅन भरायला सांगता येते, आणि मॅटलॅबची २०१९ मध्ये आलेली ‘रीड-मॅट्रिक्स’ ही आज्ञा ते आपणहून करते. नॅनचा स्वभाव मोठा प्रामाणिक आहे. त्यात काहीही मिळवा, उत्तर नॅन. सरासरी काढा, तीही नॅन. म्हणजे एक जागा रिकामी असली तर यंत्र सांगते की उत्तर देता येत नाही, आधी या माणसाची चौकशी करा. पुष्कळांना ही कटकट वाटते. आम्हाला तो यंत्राचा सद्गुण वाटतो.

वाचण्याविषयी एवढे, आता लिहिण्याविषयी थोडे. मॅटलॅबमधल्या ‘सीएसव्ही-राइट’ या जुन्या आज्ञेला वेगळे सांगण्याची सोयच नाही. ती आकड्याचे पहिले पाच सार्थ अंकच लिहिते. एखाद्याच्या फंडाची शिल्लक १२,३४,५३७ रुपये असेल तर फाइलीत १२,३४,५०० उतरतात. सदतीस रुपये कोणी खाल्ले नाहीत, तरी ते गेले. नव्या आज्ञेत ही खोड काढलेली आहे, पण जुने कार्यक्रम वर्षानुवर्षे चालूच राहतात. ‘एफ-प्रिंट-एफ’ने लिहावे, दशांशानंतर किती अंक हवेत ते स्वतः सांगावे, आणि पैशाचा हिशेब शक्य तर पैशांतच, पूर्णसंख्येत ठेवावा, कारण एक दशांश ही साधी संख्याही यंत्राच्या द्विमान पद्धतीत तंतोतंत बसत नाही.

कोणी म्हणेल, ही लहान कचेऱ्यांची रडगाणी आहेत. तसे नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या रोजच्या आकड्यांतून २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण सुटले. कारण असे की जुन्या जातीच्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. जास्तीच्या ओळी गळून पडल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना गाठायला तेवढा उशीर झाला.

दुसरे उदाहरण तर सरळ कामगारांच्या ताटातले आहे. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी एक लेख प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के होते, असे त्यात निघाले. सरकारी खर्चाला कात्री लावणाऱ्यांनी तो लेख जगभर पुढे केला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी त्या लेखाचा हिशेब पुन्हा करू पाहत होता; जुळेना, म्हणून त्याने लेखकांकडे मूळ फाइल मागितली, आणि त्यांनी ती दिली. फाइलीत सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते : ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. काही वर्षे गाळण्याचा आणि देशांना वजन देण्याच्या रीतीचाही प्रश्न होता. हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल अ‍ॅश व रॉबर्ट पॉलिन यांनी २०१३ मध्ये काढलेला आकडा अधिक २.२ टक्के होता. मूळ लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, मुख्य प्रतिपादन सोडले नाही. तो वाद अर्थशास्त्रज्ञांनी करावा. आम्ही एवढेच लक्षात ठेवतो, की फाइल मागणारा एक विद्यार्थी होता आणि फाइल देण्याचा उमदेपणा लेखकांनी दाखवला, म्हणून जगाला ते कळले.

श्रोतेहो, आता आटोपते घेतो. आपल्यापैकी प्रत्येकाने ही भाषा शिकावी असा आमचा आग्रह नाही; शिकता येते एवढे मात्र सांगतो, आणि त्याला पदवी लागत नाही. पण चार प्रश्न प्रत्येकाने विचारावेत. हाउसिंग सोसायटीच्या सभेत, दूध संघात, पाणीपट्टीच्या बिलावर, पगाराच्या स्लिपवर, कुठेही. पहिला : मूळ फाइल अक्षरी रूपात मिळेल का? दुसरा : प्रत्येक रकान्याचा मथळा, माप आणि आधारवर्ष कुठे लिहिले आहे? तिसरा : रिकाम्या जागांचे काय केले? आणि चौथा : उत्तर ज्या आज्ञांनी काढले त्या लिहून ठेवल्या आहेत का, म्हणजे आम्हाला ते पुन्हा करून पाहता येईल?

यात कोणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. हिशेब दोघांनी केला आणि जुळला, तर दोघांचाही मान वाढतो. जुळला नाही, तर कुठेतरी एखादा माणूस रिकाम्या रकान्यात अडकलेला असतो, आणि तो आपल्याला सापडतो. ‘यंत्राने सांगितले’ हे उत्तर ऐकून गप्प बसायचे नाही, एवढी गोष्ट आपण इथून घरी घेऊन गेलात तरी चालकांनी आम्हाला बोलावल्याचे सार्थक झाले.